भोईरसरांचा मूळपुरुष

भोईरसरांच्या घरी चहाला जायचं असेल तर आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून तीन गोष्टी जाहीर कराव्या लागतात. आपण काय घेणार, काय देणार आणि आपण गेल्यावर घरातली कुठली गोष्ट बदललेली असेल. तोवर दाराची साखळी निघत नाही.

कर्जतच्या भिसेगावात त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मी राहायला आलो तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी वाटी घेऊन गेलो. साखळीच्या फटीत एक चष्मा उगवला.

"काय घेणार?"

"साखर. वाटीभर."

"देणार काय?"

"परत देईन ना. उद्या."

"उद्याचं उद्या. आत्ता काय देणार?"

मी गोंधळून माझं नाव सांगितलं. प्रशांत.

"हं. नाव ही माहिती झाली. चालेल. आणि बदलणार काय?"

आतून कुंदाकाकूंचा आवाज आला, "अहो, साखर मागतोय तो, घर नाही मागत! येऊ द्या त्याला!"

"डब्यातली साखर कमी होणार, हे त्याच्या तोंडून यायला हवं," चष्मा ठाम होता. "न सांगता कमी झाली की मग शोधत कोण बसणार?"

शेवटी मी जिन्यातल्या तीन बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुमच्या डब्यातली साखर एक वाटी कमी होणार आहे!" साखळी निघाली. साखर मिळाली, वर लाडूही मिळाला. लाडू जाहीर केला नव्हता म्हणून सर काकूंवर चिडले.

सरांनी तीस वर्षं रसायनीच्या एका कारखान्यात काढली. पाइपातून काय चाललंय, किती चाललंय, ते दाखवणाऱ्या काट्यांकडे बघण्याचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांचे व्यायाम करतात, सरांनी प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. डोंगरावरच्या पाण्याचं नियोजन करणाऱ्या एका लहानशा संस्थेनं त्यांना भिसेगावातच एक खोली दिली होती, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर. गिरणी सुरू झाली की आमच्या पडद्यावरचे डोंगर थरथरत. आमच्या म्हणजे सरांच्या, नकाशे काढणाऱ्या स्मिताच्या आणि माझ्या. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीतून बाहेर पडून घरी बसलो होतो. त्याला फ्रीलान्स म्हणायची पद्धत आहे. दुपारी दोन वाजता बनियनवर कोथिंबीर आणायला निघालेला प्रोग्रामर सरांनी जिन्यात हेरला आणि वर नेऊन बसवला.

काम सांगायला सोपं होतं. डोंगर, उतार, खाली भातखाचरं, अशी सगळी जमीन चौकोनांच्या जाळीत मांडायची, शाळेतल्या आलेखाच्या कागदासारखी. प्रत्येक चौकोनाला त्याची उंची, माती आणि पाणी माहीत. मग त्या जाळीवर एकेक घटक सोडायचा. पाऊस हा एक घटक. झिरपणं दुसरा, वाहणं तिसरा, माती वाहून नेणं चौथा. घटक पुढे कितीही वाढोत, सगळ्यांचा बाप एक असायला हवा. इंग्रजीत त्याला बेस क्लास म्हणतात. सर त्याला मूळपुरुष म्हणत.

"मूळपुरुष स्वतः काय करतो, सर?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"दारात उभा राहतो."

हे मला लगेच कळलं. मी साखर आणली होती.

पाऊस असो की माती, प्रत्येकानं कामाला लागण्याआधी मूळपुरुषाला सांगायचं: मी जाळीवरून अमुक घेणार, तमुक ठेवणार, हे हे बदलणार, सेंटिमीटरात की मीटरात, चौकोनाच्या मध्यावर की कडेवर. सांगितलेली वस्तू जाळीवर नसली की मूळपुरुष काम थांबवायचा आणि पडद्यावर लिहायचा, "आपण मागितलेली माहिती सापडली नाही. तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्षमस्व." आमचा प्रोग्राम बंदसुद्धा शिष्टाचारानं पडायचा.

आता मी पुण्याहून आलेला. मला वाटलं, एवढा थोर पूर्वज नुसता दारात उभा का? त्याला जरा कामाला लावू. पहिल्या आठवड्यात मी मूळपुरुषाला आलेख काढायला शिकवलं, फाइल जपून ठेवायला शिकवलं, काम संपल्यावर शिट्टी वाजवायलाही शिकवलं. सगळी लेकरं बापाचे गुण घेणार, तेव्हा पाऊस शिट्टी वाजवू लागला, माती शिट्टी वाजवू लागली. एका उताराच्या हिशेबात झिरपणं चारशे वेळा बोलावलं जातं. खालून गिरणीवाला बघायला आला.

सरांनी शांतपणे सगळं खोडलं. "प्रशांता, मूळपुरुषाला संसार नको. जे सगळ्यांना लागतं तेवढंच त्याच्याकडे. एकाला लागतं ते एकाकडे."

"पण शिट्टी सगळ्यांना..."

"शिट्टी फक्त तुला लागते."

स्मिता हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. ती एरवी कमी हसते, तिचे नकाशे माझ्यामुळे उशिरा निघतात.

एका गोष्टीवरून सर दोन दिवस अडून बसले होते. भाताच्या खाचरांना बांध असतात, त्या बांधाची उंची जाळीवर कुठं ठेवायची? मी म्हटलं, ज्याचं खाचर त्याच्या चौकोनात.

"नाही," सर म्हणाले. "बांध कुणाच्या चौकोनात नसतो. दोघांच्या मध्ये असतो. कडेवर ठेव."

"सर, त्यानं चार पानं नव्यानं लिहावी लागतील."

"लिही."

मी लिहिली. तेव्हा मला वाटलं, हा कारखान्यातला नेमकेपणा.

मार्चमध्ये पहिलं खरं काम आलं, तेही सरांच्याच गावाहून. खालापूर तालुक्यातलं डोंगराच्या पायथ्याचं गाव. डोंगर आणि खाचरं यांच्यामधून नवा रस्ता जाणार होता आणि डोंगराचं पाणी पलीकडे जायला रस्त्याखाली एक मोरी बांधायची होती. एकच. ती कुठं, एवढाच प्रश्न. जागा चुकली तर कुणाची तरी लावणी वाहून जाणार. मे महिन्यातल्या ग्रामसभेत आमचा नकाशा बघून गाव ठरवणार होतं.

सगळ्यांच्या बांधांची मापं आली. एका माणसाची आली नाहीत. नेमका तो माणूस रस्त्याच्या अगदी खाली, मधोमध. दत्ता भोईर. सरांचा सख्खा धाकटा भाऊ.

दोघं बारा वर्षं बोलत नव्हते. का, ते कुणी सांगत नव्हतं. वरची तीन खाचरं सरांच्या वाट्याची, ती त्यांनी चुलतभावाला कसायला दिली होती आणि स्वतः कर्जतला येऊन राहिले होते. गंमत अशी, की दोघी जावा रोज फोनवर बोलत. सुकट कुठल्या बाजारात चांगली इथपासून कुणाच्या सुनेला कितवा महिना इथपर्यंत त्या दोन घरांमधून सगळं वाहत होतं, फक्त भाऊ सोडून.

मापांचा निरोप त्याच वाटेनं गेला. काकूंनी जावेला सांगितलं, जावेनं नवऱ्याला, आणि उत्तर उलट्या वाटेनं आलं. काकूंनी ते आम्हा सगळ्यांसमोर, दिराच्या आवाजात म्हणून दाखवलं: "ज्याला पायजे त्यानं यावं."

"मी का जाऊ?" सर म्हणाले. "काम गावाचं आहे."

"मग गावाला पाठवा."

"नाही जमत."

"तुमचं काहीच जमत नाही. दारात आलेल्या पोस्टमनला दहा प्रश्न विचारता, सख्ख्या भावाला एक विचारवत नाही."

सर उठून गच्चीवर गेले. इकडे वाहण्याचा घटक रोज सकाळी सुरू व्हायचा आणि रोज तेच लिहायचा: बांधाची उंची सापडली नाही, क्षमस्व.

ग्रामसभेच्या दोन दिवस आधी सर काकूंच्या माहेरी लग्नाला गेले. स्मिता माझ्या डोक्यावर उभी. "नकाशा छापायला आज द्यायचाय. काहीतरी कर."

मी काहीतरी केलं. आयुष्यात मी केलेल्या प्रत्येक गाढवपणाची सुरुवात या वाक्यानं होते. मी मूळपुरुष उघडला आणि त्यात तीन ओळी घातल्या. मागितलेली माहिती सापडली नाही तर थांबू नकोस, शून्य धर आणि पुढे चल.

प्रोग्राम काय धावला म्हणून सांगू! पाणी डोंगरावरून निघालं, रस्त्याला आलं आणि सरळ रेषेत खाली गेलं. स्मितानं त्याला सुंदर निळा रंग दिला. मोरीची जागा आपोआप ठरली, तिथं तिनं लाल टिंब काढलं. मी स्वतःवर इतका खूश झालो, की गिरणीवाल्यालाही वर बोलावून नकाशा दाखवला.

ग्रामसभेच्या सकाळी सर लग्नाहून परत आले. त्यांनी नकाशा हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

"हा पूर्ण चालला?"

"चालला."

"थांबला नाही?"

"नाही."

त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे दत्तूनं मापं दिली?"

इथं खरं बोलायला मला पुरेपूर वेळ होता. गिरणीसुद्धा बंद होती. पण मी मान अशी हलवली, की तिचा अर्थ होही होईल आणि नाहीही. सरांनी तिचा हो केला. ते घरी गेले आणि लग्नासाठी शिवलेला नवा सदरा पुन्हा घालून आले. एस.टी.त पूर्ण वाटभर ते खिडकीबाहेर बघत होते, आणि साजगाव मागं गेल्यावर स्वतःशीच म्हणाले, "कुणाच्या हाती पाठवली असतील?" मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली. खिडकीला गज होते.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत होती. सरपंचबाईंनी नकाशा भिंतीला लावायला सांगितला. स्मितानं काठीनं निळी रेषा दाखवली, लाल टिंब दाखवलं. मागच्या रांगेतून एक रापलेला, उंच माणूस उठला. चेहरा हुबेहूब सरांचा, फक्त चष्मा नाही. पुढं आला, नाक भिंतीला लागेल इतका जवळ गेला.

"ह्ये खाचर कुनाचं?"

"दत्ता भोईर," स्मितानं वाचलं.

"म्हंजी माजं. आनी मग पानी माज्या खाचरातून असं सरळ कसं चाललंय? माज्या खाचराला बांधच नाय?"

पडवी फुटली. "दत्तू, तुजा बांध संगनकानं खाल्ला रं!" "आरं, हुंदरानं नाय खाल्ला, मशिनीनं खाल्ला!" एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती.

दत्तूकाका हसले नाहीत. "गुडग्याएवडा बांध हाय माजा. पानी तिथं अडनार, वळनार, वढ्याला जानार. तुमी मोरी माज्या डोक्याव ठेवली तर समदं पानी माज्या लावनीव! सांगा त्यांना." सर चार हातांवर बसले होते, आणि हा माणूस 'त्यांना सांगा' म्हणत होता.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. त्या एका क्षणात त्यांना तिन्ही ओळी वाचता आल्या असाव्यात. मी उठायला लागलो, पण ते आधीच उठले होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "बांधाची मापं नव्हती आमच्याकडे. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"बारा वर्सांत नाय इचारलं," दत्तूकाका भिंतीकडे बघत म्हणाले.

नव्या सदऱ्यात सर फार बारीक दिसत होते. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

"आता विचारतो," ते म्हणाले. "दत्तू, बांध किती आहे तुझा?"

दत्तूकाकांनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला, की सरपंचबाईंनी पुढचा विषय काढायला कागद उचलला. मग ते म्हणाले, "मला काय म्हाईत सेंटिमीटर. उद्या ये टेप घिऊन."

दुसऱ्या दिवशी मीही गेलो, वही धरायला. सरांनी मला एका शब्दानं रागावलं नव्हतं, फक्त एस.टी.त म्हणाले होते, "ते शून्य काढ." मी काढलंही होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

लांब टेपचं एक टोक सरांकडे, दुसरं दत्तूकाकांकडे. आधी लांबी, मग दर दहा पावलांवर उंची. सर बांधाच्या पार त्या टोकाला. पहिला तासभर दोघं फक्त आकड्यांत बोलत होते.

"बेचाळीस."

"बेचाळीस काय?"

"सेंटिमीटर."

"मंग तसं म्हन की."

मी मध्ये वही घेऊन उभा. दत्तूकाका मला सांगायला लागले, पण आवाज असा लावला, की त्या टोकाला ऐकू जावं.

"आमच्याकडं कसं हाय, वरच्या खाचराचं पानी खाली सोडायचं, तर बांधाव उभं ऱ्हाऊन खालच्याला हाक द्यायची. पानी सोडतोय रं! खालून ओ आली, की मग बांधाला तोंड पाडायचं. ओ आल्याबिगर नाय. आज्यापासनं असंच. त्या वर्सी ह्याची पाळी हुती कारखान्यात. बस सुटंल म्हनून घाईत बांध फोडला नि गेला निघून. मी घरी भाकर खात हुतो. आदल्या दिवशी लावलेलं भात समदं वढ्यात."

पलीकडे टेप हलली नाही.

"भात काय, पुन्ना लावलं," दत्तूकाका म्हणाले. "पन हा मानूस एक डाव बोलाया आला नाय. लाजून तिकडं कर्जतला जाऊन बसला. माजी बायको सांगते, तवापासनं दारात येनाऱ्या परत्येकाला इचारतो, काय घेनार, काय देनार, काय बदलनार. समद्या कर्जताला इचारतो. मला सोडून."

वहीत काय लिहावं मला कळेना. ज्या मूळपुरुषाला मी शिट्टी वाजवायला शिकवली होती, तो कुठून आला ते मला त्या बांधावर कळलं. सरांनी आम्हाला तो एखाद्या पुस्तकात वाचल्यासारखा शिकवला होता.

सर त्या टोकाला उभेच होते. वाऱ्यानं टेप फडफडत होती.

"दादा," दत्तूकाका ओरडले, "नीट धर की! वाकडं माप यील!"

सरांनी टेप दोन्ही हातांनी धरली.

मोरी चाळीस पावलं पलीकडे, ओढ्याच्या अंगाला बसली. पाऊस आला, दोन वेळा जोरात आला, आणि दत्तूकाकांचं भात जागेवर राहिलं. आमचं काम तिथं संपलं. पण सर दर रविवारी सकाळी टेप घेऊन गावी जातच राहिले.

"बांध बदलतो रे," ते मला म्हणाले. "पावसानं खचतो. खेकडे पोखरतात. मोजत राहायला हवा."

"सर, दर आठवड्याला?"

"आकडे ताजे हवेत."

काकू स्वयंपाकघरातून खोकल्या. तो खोकला आजाराचा नव्हता.

परवा स्मितानं मापांची फाइल उघडली. सात रविवार, सात ओळी, आणि सगळे आकडे सेंटिमीटरापर्यंत तेच. "हा तर एकच दिवस सात वेळा लिहिलाय," ती म्हणाली. "जादाच्या ओळी काढून टाकते."

"राहू दे," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. मी शहाण्यासारखं बोललो की तिला काळजी वाटते.

"आणि ही आठवी? हिच्यात तर काहीच नाही."

मी वाकून बघितलं. गेल्या रविवारची तारीख होती. लांबीचा रकाना रिकामा, उंचीचा रिकामा. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात सरांनी लिहिलं होतं:

"पाऊस होता, बांधावर गेलो नाही. दत्तूकडे जेवलो. मग दोघंही ओटीवर जरा पडलो, ते चार वाजता उठलो."